गच्चीवरचं पावसाचं पाणी वर्षभर प्यायला साठवता येईल का? (हुडकेश्वर, बोअरचं पाणी फार जड)

लेआउटवाली

नमस्कार. हुडकेश्वरच्या पुढे, पिपळा रोडच्या बाजूला एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. नळाची लाइन अजून आमच्या गल्लीत आली नाही. बोअर आहे आणि पाणीही भरपूर आहे, पण इतकं जड की तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली येते. गिझरची कॉइल गेली, बादल्यांना पांढरा थर बसतो. आरओवाल्याने पाण्यातले क्षार मोजायचा मीटर (टीडीएस) बुडवला तर ११४० आलं. तो म्हणाला, मेम्ब्रेन घ्या, पण वारंवार बदलावं लागेल. सध्या प्यायला वीस लिटरच्या कॅन येतात. त्यात पाणी कुठलं भरता, असं विचारलं की पोरगा नुसता हसतो.

सासूबाई काटोलकडच्या. त्या म्हणतात, एवढं आभाळातून फुकट पडतं ते नालीत सोडता आणि कॅन विकत घेता. मला पटलं. प्लंबरला बोलावलं तर तो म्हणतो, गच्चीचा पाइप सरळ खालच्या टाक्यात सोडून देतो, मध्ये एक जाळी लावतो, एका दिवसाचं काम. आमच्या त्या जमिनीतल्या टाक्यात बोअरचं आणि कधी टँकरचंही पाणी असतं.

घराची माहिती देते. स्लॅब साधारण ९०० चौरस फूट, ढाळ दोन बाजूंना, दोन आउटलेट. पूर्वेच्या बाजूला शेजाऱ्यांचं कडुलिंबाचं झाड अर्ध्या गच्चीवर येतं. कबुतरं आहेत. उन्हाळाभर दोन कुलर गच्चीवरच असतात. मागे स्वयंपाकघराच्या ओट्यावर टिनाचं शेड आहे. घरात आम्ही पाच जण, त्यात एक सात महिन्यांचं बाळ.

फक्त पिणं आणि स्वयंपाक एवढंच या पाण्यावर भागवायचं आहे. जमेल का? पावसाला थोडेच दिवस राहिले, म्हणून घाई आहे.

बर्डीवाला

काहून एवढी झंझट करून राहिल्या ताई? कबुतराची विष्ठा, मांजरीचं मूत, वांदरं येत असतील तर त्यांचंही. ते सगळं धुऊन टाक्यात येणार आन् आपण ते पिणार? मी तर म्हणतो चांगला आरओ लावा न टेन्शन घेऊ नका. पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवा, गाड्या धुवा, झाडाले टाका. प्यायचं नाव नका घेऊ.

रिटायर्ड केमिस्ट

ताई, पिता येतं. पण आभाळातून आलं म्हणून शुद्ध, ही समजूत आधी काढून टाका. तुमच्या पेल्यात यायच्या आधी ते पाणी हवा, गच्ची, पाइप आणि टाकी एवढ्यांना भेटून येतं आणि प्रत्येक जण त्यात आपली भर घालतो. बर्डीवाले भाऊ जे म्हणतात ते खरंच आहे. फक्त त्यावर उपाय आहे.

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. लोक नमुना कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणायचे, एक गृहस्थ खोबरेल तेलाच्या बाटलीत घेऊन आले होते आणि वर म्हणे, तवंग दिसतो, पाण्यात डिझेल आहे का बघा. असो. मानेवाड्याला माझ्या घरी पिण्याचं पाणी पावसाचंच असतं, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

सगळ्यात आधी हिशेब, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची गच्ची ८४ चौरस मीटरच्या आसपास आहे. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतो. शिंतोडे, वाफ, गळती यांत वीस टक्के गेलं असं धरलं तरी ६५ हजार लिटरच्या वर पाणी तुमच्या गच्चीवरून वाहून जातं. आता गरज बघा. पाच माणसं, पिणं आणि स्वयंपाक मिळून दिवसाला ३० लिटर पुरतं. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने म्हणजे २४० दिवस. झाले ७२०० लिटर.

म्हणजे पाणी आहे नऊपट आणि पाहिजे एकपट. राजस्थानातल्या माणसाला थेंब वाचवावा लागतो, तुम्हाला नाही. तुम्हाला पाणी फेकता येतं, आणि पाणी चांगलं ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे. जे घाण असण्याची शक्यता आहे ते घ्यायचंच नाही.

म्हणून माझा नियम असा. मृगाचं पाणी नाही, आर्द्रेचंही नाही. उन्हाळाभर गच्चीवर बसलेली धूळ, कुलरच्या पाण्याचे क्षार, कुरडया-वड्यांचा चुरा, विष्ठा, हे सगळं जून आणि जुलैच्या सुरुवातीच्या पावसाला धुऊ द्या. त्या पाण्याने पाहिजे तर झाडं भिजवा. प्यायचं पाणी पुष्य नक्षत्र लागलं की, म्हणजे साधारण २० जुलैपासून धरायचं. आश्लेषा आणि मघा संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेर, टाकी भरून जाते. एवढ्या काळात आपल्याकडे सलग पाऊस असतो, गच्ची वाळायला वेळ मिळत नाही आणि हवाही धुतलेली असते. तोवर कॅन चालू ठेवा.

तुमची अर्धी गच्चीच वापरा. कडुलिंबाच्या बाजूचं आउटलेट सोडून द्या. दुसऱ्या बाजूचे ४२ चौरस मीटर पुष्कळ झाले. ३० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस आला की त्यातून हजार लिटर मिळतात. अशा आठ-दहा पावसांत तुमचं वर्ष निघतं.

आता प्लंबरच्या एका दिवसाच्या कामाबद्दल. ते करू नका. जमिनीतलं टाकं या कामाचं नाही. तुमच्या भागात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि टाक्याच्या भिंतींना केसासारख्या भेगा पाडते. लेआउटला गटार लाइन नसेल तर प्रत्येक घरामागे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असणार. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी वर येतं आणि त्या भेगांतून काय आत येतं ते मी नमुन्यांत पाहिलेलं आहे. शिवाय टँकरचं पाणी त्यातच. एक बादली खराब पाणी आत गेलं की हजारो लिटर चांगलं पाणी त्याच लायकीचं होतं.

त्यापेक्षा जमिनीवर, घराच्या उत्तरेला, सावलीत, पक्का ओटा बांधून त्यावर ५००० लिटरच्या दोन काळ्या टाक्या ठेवा. काळ्याच घ्या, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. एकच दहा हजारांची घेऊ नका. दोन असल्या की एक वापरात आणि दुसरी बंद, अगदी मार्चपर्यंत बंद. एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. तोटी तळापासून वीतभर वर, कारण कितीही गाळलं तरी बारीक गाळ बसतोच. तळाला वेगळा वॉशआउट, म्हणजे गाळ काढायची तोटी. पाणी टाकीत वरून धबधबा पडतो तसं पडू देऊ नका, पाइप आतून तळाजवळ न्या आणि शेवटी एल्बो लावून तोंड वर करा. मग तळचा गाळ ढवळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्रत्येक पावसाचं पहिलं पाणी बाजूला काढायची सोय. मी २ मिलिमीटर धरतो. ४२ चौरस मीटरवर ते झाले ८४ लिटर. प्लंबर लोक एक मीटर चार इंची पाइप उभा लावतात, खाली झाकण बसवतात आणि 'फर्स्ट फ्लश झाला' म्हणून पैसे घेतात. चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम ८ लिटर मावतं. त्याने तुमची गच्ची धुतली जात नाही, फक्त मन धुतलं जातं. शंभर लिटरचा घट्ट झाकणाचा ड्रम घ्या. गच्चीच्या पाइपला टी लावा, टीचं खालचं तोंड ड्रममध्ये, बाजूचं तोंड टाकीकडे. ड्रम भरला की पाणी आपोआप बाजूला वळतं. ड्रमच्या तोंडाशी तरंगता चेंडू बसवला तर आतलं घाण पाणी परत वर येत नाही. तळाला बारीक तोटी, सतत ठिबकत ठेवायची, म्हणजे दोन पावसांच्या मध्ये ड्रम रिकामा होतो. ही तोटी बंद केली की पुढच्या पावसाला अख्खी व्यवस्था शोभेची.

ड्रमनंतर रेतीचा फिल्टर. कन्हानची रेती मिळते, तीच घ्या, पण इतकी धुवा की धुतलेलं पाणी नितळ यायला पाहिजे. खाली गिट्टी, वर बारीक गिट्टी, वर रेती. कोळशाचा थर नाही घातला तरी चालतं. तो बदलला नाही तर त्यातच जंतू वाढतात आणि बदलतं कोण?

टिनाचं शेड वापरायचं असेल तर आधी बघा, गंज नको आणि जुना सुटणारा रंग नको. आपल्या उन्हात टिन इतकं तापतं की त्यावर जंतू फारसे टिकत नाहीत, हा त्याचा गुण. सिमेंटचे जुने पत्रे मात्र असतील तर त्यांच्यावरचं पाणी प्यायला नको. आणि गच्चीला डांबराचं किंवा केमिकलचं वॉटरप्रूफिंग केलेलं आहे का ते सांगा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

निर्जंतुक करायचं नंतर लिहितो, आता चहा झाला.

काटोल रोड

केमिस्टसाहेब, एक विचारू का? अर्धी गच्ची कशाला, जिन्याच्या वरचा छोटा स्लॅब असतो न, तिथे कोणी पाय ठेवत नाही, कुलर नाही, वाळवण नाही. तिथलंच पाणी घेतलं तर?

दुसरं म्हणजे, आमची आजी पावसाळ्यात अंगणात चार खांबांना धुतलेलं धोतर बांधायची, मधोमध एक गोटा ठेवायची, खाली हंडा. कवेलूवरून आलेलं पाणी ती प्यायला घेत नसे. म्हणायची, कवेलूवर मांजरी हिंडतात.

रिटायर्ड केमिस्ट

जिन्यावरचा स्लॅब १५० चौरस फूट धरला तर १४ चौरस मीटर. जागा चांगली आहे, प्रश्न आकड्यांचा आहे. ३० मिलिमीटरच्या पावसात तिथून सव्वातीनशे लिटर येतात. पूर्ण पावसाळाभर सगळं धरलं तर अकरा हजारांपर्यंत जातं. मग मृगाचंही धरावं लागतं, आर्द्रेचंही, आणि फेकायची मुभा संपते. दोघांच्या घराला बेस्ट. पाच जणांना नको. शिवाय बहुतेक घरांत वरची पाण्याची टाकी तिथेच असते आणि कबुतरांना बसायला तिच्याइतकी आवडती जागा नाही.

तुमच्या आजी हुशार होत्या. धोतराच्या झोळीत पाण्याला छप्पर लागतच नाही. दोन मीटर बाय दोन मीटरच्या कापडावर ३० मिलिमीटरला शंभरेक लिटर मिळतं. पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर बांधायचं. ज्यांना टाक्यांचा खर्च नको त्यांनी पावसाळ्यापुरतं एवढं केलं तरी डाळ शिजते.

लेआउटवाली

काका, खूप आभार. एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. वॉटरप्रूफिंग म्हणाल तर स्लॅबवर चायना मोझॅक आहे, पांढऱ्या फुटक्या टाइल्सची, उन्हाळ्यात खोल्या तापू नयेत म्हणून केली. केमिकल काही नाही.

टाक्या नीट बसवून घेईन. पण बाळाचं काय? त्याला आता वरचं पाणी सुरू केलं आहे.

रिटायर्ड केमिस्ट

चायना मोझॅक उत्तम. गुळगुळीत, उजळ, घासता येते. २० जुलैच्या आधी एखाद्या उघडिपीत खराट्याने साध्या पाण्यात घासून घ्या, फिनेल-साबण नको. कुलर खाली उतरवा.

आता निर्जंतुकीकरण. दोन वेळा करायचं. एकदा टाकी भरताना आणि एकदा पिण्याआधी. टाकीत ब्लीचिंग पावडर. नव्या पुड्यात ताकद ३३ टक्के असते, उघडून ठेवली की उतरत जाते, म्हणून मी २५ टक्के धरतो. हजार लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन. चिमटीने टाकू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. प्लॅस्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणीच टाकीत ओता. पुढे निदान अर्धा तास पाण्याला हात लावायचा नाही. पहिले दोन-तीन दिवस वास येईल, नंतर जातो. क्लोरीन उरलं की नाही हे ओटी टेस्टने कळतं. गावोगावी जलसुरक्षक करतात तीच, थेंब टाकला की पिवळा रंग येतो. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला पाहिजे.

पण टाकीतलं क्लोरीन महिनोन्‌महिने टिकत नाही. म्हणून बाहेर काढलेलं पाणी घरात पुन्हा एकदा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे उकळणं. फसफसून उकळी आली की एक मिनिट, मग झाकून गार. नाहीतर यूव्ही असलेलं मशीन. आरओ घेऊ नका. आरओ क्षार काढायला असतं आणि या पाण्यात क्षारच नाहीत. तीन भांडी पाणी नालीत जाईल आणि हातात काहीच येणार नाही.

आणि तो मीटर. पावसाच्या पाण्यात बुडवाल तर १५-२० दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. जंतू दाखवत नाही, शिसं दाखवत नाही. उकिरड्यावरून आलेल्या पावसाच्या पाण्यातही तो २५ दाखवू शकतो.

बाळाचं सिस्टर कोणी असतील तर सांगतील. माझं एवढंच की बोअरचं पाणी बाळाला उकळूनही देऊ नका, नायट्रेट तपासल्याशिवाय. विदर्भात बऱ्याच ठिकाणी बोअरमध्ये नायट्रेट जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते वाढतं.

सिस्टर_सक्करदरा

मी आहे काका, वाचून राहिली होती. लेआउटवाली ताई, सहा महिन्यांनंतर बाळाला पाणी द्यायचं ते प्रत्येक वेळी उकळून गार केलेलंच, मग ते पावसाचं असो, कॅनचं असो की नळाचं. सकाळचं उकळलेलं दुसऱ्या दिवशी नको. वाटी-चमचा वापरा, बाटली नको, बाटलीचं निपल नीट धुतलं जात नाही.

लोक विचारतात, पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसतं, मग हाडं? कॅल्शियम दुधातून, तिळातून, भाजीतून मिळतं. त्यासाठी कोणी बोअरचं पांढऱ्या थराचं पाणी पीत बसू नये.

माझी काळजी वेगळी आहे. डेंग्यू. एडिस डास स्वच्छ साचलेल्याच पाण्यात अंडी घालतो. तुम्ही दहा हजार लिटर स्वच्छ पाणी अंगणात आणून ठेवणार. टाकीचं झाकण, ओव्हरफ्लोचं तोंड, हवेचा पाइप, तिन्हींना बारीक मच्छरजाळी घट्ट बांधा. आणि तो शंभर लिटरचा ड्रम विसरू नका, ठिबक बंद पडली तर पहिली अळी तिथे दिसेल. कुलर खाली उतरवाल तेव्हा त्यांच्या टाक्या कोरड्या करून उपड्या ठेवा. दरवर्षी आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात तापाचे पेशंट येतात त्यांच्या घरी गेलं की कोपऱ्यात एक कुलर पाण्यासकट उभा असतोच.

कोराडी लाइन

आमचं घर कोराडी रोडला. सकाळी गच्चीवर बोट फिरवलं तर बोटाला राख लागते, कपडे वाळत घातले तर शेरा मारल्यासारखे डाग. आम्ही पण हेच करू शकतो का? पावसाळ्यात राख कमी असते.

रिटायर्ड केमिस्ट

कोराडी, खापरखेडा या औष्णिक केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना मी हे पाणी प्यायला सांगणार नाही, निदान तपासल्याशिवाय तरी नाही. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा असे धातू अंशाअंशाने असतात. जंतू आणि धातू यांत फरक असा की जंतू मरतो, धातू मरत नाही. उकळा, क्लोरीन टाका, यूव्हीखालून न्या, तो तिथेच असतो. मुसळधार पावसात राख धुतली जाते हे खरं, पण दोन पावसांच्या मध्ये आठ दिवस उघडीप पडली की पुन्हा थर. तुमच्यासाठी हे पाणी कपड्यांना, भांड्यांना, झाडांना आहे. प्यायचंच ठरवलं तर ऑगस्टमध्ये टाकीतला नमुना जड धातूंसाठी तपासून घ्या, नुसत्या जंतूंच्या तपासणीवर जाऊ नका. त्याचे पैसे जास्त पडतात, पण इथे कंजूषी नको.

यावरून आठवलं, बाकीच्यांनाही सांगतो. दिवाळीच्या फटाक्यांनंतरचा अवकाळी पाऊस टाकीत घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चची गारपीट तर मुळीच नाही. टाकी अर्धी असली तरी नाही. सप्टेंबर संपला की टाकीकडचा पाइप काढून टोपी लावून टाकायची, मोह होत नाही.

बर्डीवाला

बाप्पा, मी तर म्हटलं होतं आरओ लावा. इथे पूर्ण पीएचडी झाली. पण साहेब, एवढं करून तपासायचं कसं? दर महिन्याला लॅबमध्ये कोण जाईल?

रिटायर्ड केमिस्ट

दर महिन्याला जायचं कामच नाही. घरी एच-टू-एस बाटली वापरा, आशाताईंकडे किंवा ग्रामपंचायतीत पाहिली असेल. रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरातल्या उबदार जागी ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर विष्ठेचा संसर्ग आहे असं धरून चालायचं. नितळ राहिलं तर त्या दिवसापुरतं ठीक. लॅबच्या अहवालाची बरोबरी होत नाही, पण सामान्य माणसाच्या हातात एवढी सोय आहे हे थोडं नाही. काळं झालेलं पाणी नालीत ओतायच्या आधी त्यात ब्लीचिंग टाका, त्यात जंतू वाढवलेले असतात.

वर्षातून दोनदा मात्र लॅब. एकदा टाकी भरल्यावर पोळ्याच्या सुमारास आणि एकदा दुसरी टाकी उघडाल तेव्हा. आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. जंतूंच्या तपासणीची बाटली तिथूनच निर्जंतुक केलेली आणा. तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, काठोकाठ भरू नका आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवालात मुख्य पाहायचं ते एकच, ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) १०० मिलीलिटरमध्ये सापडायला नको. पीएच ६.५ च्या खाली आला तर घाबरू नका, पावसाचं पाणी थोडं आंबटच असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. पण याच कारणाने ते धातू ओरबाडतं. टाकीला पितळी तोटी नको, स्टीलची किंवा प्लॅस्टिकची लावा. तांब्याच्या घागरीत दिवसचे दिवस ठेवू नका.

लेआउटवाली

काल ओट्याचं काम सुरू केलं. टाक्या पाच-पाच हजारांच्याच सांगितल्या. प्लंबर शंभर लिटरचा ड्रम बघून म्हणाला, एवढं पाणी वाया घालवणार? मी म्हटलं, हो, घालवणार. सासूबाई मात्र मृगाचं पाणी फेकायचं म्हटल्यावर अजून नाराज आहेत. त्यांच्यासाठी टिनाच्या शेडखाली वेगळा पिंप ठेवते, त्यांची तुळस आणि भांडी त्यावर.

दोन शंका राहिल्या. रेतीचा फिल्टर किती दिवसांनी धुवायचा? आणि टाकी भरल्यावर बंद ठेवलेल्या टाकीला मधे उघडून बघायचं की नाही?

रिटायर्ड केमिस्ट

रेतीतून पाणी जायला वेळ लागायला लागला, वर साचून राहायला लागलं की वरचा बोटभर थर काढून धुवा. दिवस मोजायची गरज नाही, पाणीच सांगतं. पावसाळा संपला की सगळी रेती काढून उन्हात पसरा आणि पोत्यात भरून ठेवा. ओली रेती फिल्टरमध्ये आठ महिने ठेवली तर पुढच्या जुलैत पहिलं पाणी कुजकट वासाचं येतं.

बंद टाकी बंदच. उगाच झाकण उघडून टॉर्च मारत बसू नका. झाकणाला कुलूप घाला, घरात पोरं आहेत आणि टाकी ओट्यावर असली तरी चढणारं चढतंच. पाणी बघायचंच असेल तर वॉशआउटची तोटी थोडी सोडून पेल्यात घ्या. आणि कुलपाची चावी सासूबाईंकडे द्या, कोणी उघडणार नाही.